उलटे उतरणारे आग्बेको

मिहिर, ईरा,

गेल्या रविवारी फोनवर मिहिरने विचारलं, "आजी, जिन्यावरून उलटा उतरायचा तो माणूस वाईट होता का गं?" तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा पाहिलेला माणूस मिहिरच्या लक्षात राहिला याचं मला नवल वाटलं. मी "हो" म्हणाले आणि तुमच्या शाळेचं विचारू लागले. फोन ठेवल्यावर चैन पडेना. उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे देतानाच मला माहीत होतं. पुण्यात एकवीस वर्षं मी मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या. चूक दिसली की तांबडी रेघ ओढली. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. स्वतःच्या उत्तराखाली रेघ ओढायची तर आताच ओढायला हवी. फोनवर सांगू लागले तर मी पुन्हा स्वतःचीच बाजू घेईन, म्हणून लिहिते. अवघड वाटलं तर बाबांकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

जर्मनीतलं, वाल्डॉर्फजवळचं आमचं घर तुम्हांला आठवत असेल. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. तुमचे आईबाबा तुम्हांला घेऊन कॅनडाला गेले, आबा आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहिलो. त्याच वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावकाश झालं आणि डावा पाय फरफटू लागला. आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर हेर, म्हणजे श्रीयुत, आग्बेको राहायला आले, तेही त्याच वर्षी.

पहिली भेट जिन्यात झाली. मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते आणि समोरून एक प्रचंड पाठ माझ्या दिशेने खाली येत होती. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, तोंड पायऱ्यांकडे, एकेक पाऊल मागे चाचपत. मी नमस्कार केला. पाठ वळली नाही.

"थांबा," त्यांनी पायरीला सांगितलं. "उतरणारा आधी."

"घराच्या नियमांत असं कुठेही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मग लिहा. खाली सायकलींबद्दल चिठ्ठी लावलीय ती तुमचीच ना? आल्झो, असं आहे तर. तुम्ही लिहिणाऱ्यांतल्या."

ते गेल्यावर मी वर येऊन आबांना म्हणाले, "उद्धट आहे." आबा म्हणाले, "अगं, गुडघे गेलेत त्याचे. गुडघे गेलेली माणसं उलटी उतरतात, भार कमी येतो." यंत्राचा एखादा भाग झिजावा तसं ते बोलले. ते आयुष्यभर यांत्रिक अभियंता होते, त्यामुळे झिजलेल्या वस्तूंबद्दल त्यांना माणुसकी होती. मला मात्र तोंडावर न बोलता पाठीने बोलणारा माणूस पसंत पडला नाही. मी तसं लपवलंही नाही.

घरासमोर रस्त्यापलीकडे गावच्या क्लबचं फुटबॉलचं मैदान आहे. आग्बेको तिथले मैदानकामगार होते: गवत कापणं, पाणी घालणं, दर सामन्याआधी पांढऱ्या रेघा मारणं. आबा रोज सकाळी दहा वाजता तिथे जाऊन बाकावर बसत. मी त्यांना खालच्या दारापर्यंत सोडत असे आणि पुढची तीनशे पावलं ते एकटे चालत. तिथे या दोघांची मैत्री झाली. आग्बेको त्यांना "कॅप्टन" म्हणत. मला काय म्हणत ते आबांनी हसत हसत सांगितलं: "फ्राऊ लाइन्समन." फ्राऊ म्हणजे बाई, आणि लाइन्समन म्हणजे हातात झेंडा घेऊन मैदानाच्या रेषेवर उभा राहणारा आणि चुका दाखवणारा माणूस. "तू खेळत नाहीस, नुसता झेंडा वर करतेस, असं त्याचं म्हणणं," आबा म्हणाले. मी त्यांच्या ताटात भात वाढला.

आग्बेकोंचं आयुष्य मला असं जेवणाच्या टेबलावर, आबांच्या अडखळत्या वाक्यांतून, तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते आफ्रिकेतल्या टोगोचे, समुद्रकाठच्या लोमे शहरातले. वाळूवर अनवाणी खेळत मोठे झाले. एकोणिसाव्या वर्षी एका वर्षाच्या करारावर जर्मनीत आले, तेही जानेवारीत. पहिल्या दिवशी मैदान गोठलेलं पाहून त्यांनी विचारलं होतं, "यावर पडायचं कसं?" पुढे तेरा-चौदा वर्षं ते दुसऱ्या फळीतल्या क्लबांतून डाव्या बाजूचे बचावपटू म्हणून खेळले. "डावा बॅक कोणाला आठवत नाही," ते आबांना सांगत, "चुकला तरच आठवतो." देशाकडून ते दोन सामने खेळले आणि दोन्ही हरले. ते हे छाती काढून सांगत, कारण दोन्ही गोल उजव्या बाजूने झाले होते. गुडघ्यात सुई टोचून घेऊन खेळायचं आणि सोमवारी चालता आलं नाही तर पायऱ्या बसून उतरायच्या, असं पाच वर्षं चाललं. मग क्लबने करार पुढे वाढवला नाही. नंतर गोदामात कामं, मग हे मैदान.

एक गोष्ट मात्र आबांनी चमचा खाली ठेवून सांगितली. सुरुवातीच्या वर्षांत प्रेक्षक आग्बेकोंवर केळी फेकत आणि माकडासारखे आवाज काढत. एकदा ते खेळ थांबवून रेफरीकडे धावत गेले आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. रेफरी म्हणाला, "खेळा, वेळ जातोय." त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं: रेफरीकडे धावत जायचं नाही. पाय मोडला तरी नाही.

मी त्यावर काय म्हणाले ते लिहिते, कारण लिहायचं ठरवलं आहे. मी म्हणाले, "रीतसर लेखी तक्रार करायला हवी होती." आबा चमचा उचलून पुन्हा जेवू लागले.

आता जिन्याची गोष्ट. आमच्या भागात जिना झाडण्यापुसण्याची पाळी आठवड्याने फिरते. तिला केरवोखे म्हणतात. शब्दाचा पहिला अर्धा भाग तुम्हांला समजावायला नको; वोखे म्हणजे आठवडा. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवतात. काम झालं की शनिवारी पाटी पुढच्या दाराला जाते. आग्बेको आपल्या पाळीत कधी झाडतात हे मला दिसत नसे. मला दिसत ते पायऱ्यांवरचे पांढरे ओरखडे. आबांना खाली सोडून मी परत वर येई, तेव्हा ते हमखास असत. आग्बेकोही त्याच सुमारास मैदानावर गेलेले असत. निष्कर्ष सोपा होता: हे मैदानावरच्या रेघांची पूड बुटांना लावून आणतात आणि स्वतःच्या पाळीतसुद्धा पुसत नाहीत. आमच्या दारातल्या रांगोळीची डावी कडही रोज मोडलेली असे. ती त्यांच्याच थोराड पावलांनी मोडते, हेही मी ठरवून टाकलं.

मी पाटीवरून थेट त्यांना विचारलं होतं. "हेर आग्बेको, तुमची पाळी आहे. पायऱ्या पांढऱ्या आहेत."

"हो, हो. पांढऱ्या आहेत."

"मग?"

"मग काय? पाहिलंत, छान. तुमचे डोळे चांगले आहेत, अर्धेच उघडता." आणि ते उलटे उतरू लागले.

मी वही केली. तारीख, वेळ, कुठल्या पायऱ्या. नीट आखलेले रकाने होते.

तिसऱ्या वर्षी तळमजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर वृद्धाश्रमात गेल्या आणि त्यांचं घर रिकामं झालं. अर्ज दोनच आले. आमचा, आबांच्या पायासाठी. आणि आग्बेकोंचा, दोन्ही गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की तिसऱ्या मजल्यावर राहून हे काम आणखी वर्षभर होईल, फार तर दोन. मैदान सोडलं तर त्यांच्यापाशी या गावात राहायला दुसरं कारण नव्हतं. हे सगळं मला आबांकडून माहीत होतं. घराचा कारभार पाहणाऱ्या कचेरीतले, म्हणजे हाउसफेरवाल्टुंगमधले, हेर ब्रांट फोनवर म्हणाले, "दोन्ही अर्ज सारखेच वजनदार आहेत. घराची शिस्त कोण पाळतो तेही बघू."

मी वहीतल्या अकरा नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवल्या. आबांना सांगितलं नाही.

आग्बेकोंना आबमानुंग आलं. आबमानुंग म्हणजे लेखी ताकीद. अशा दोन-तीन झाल्या तर घर जाऊ शकतं. तळमजला आम्हांला मिळाला. सामान खाली नेताना आग्बेको वरच्या वळणावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अभिनंदन, कॅप्टन." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मला ते हरलेल्या माणसाचं वागणं वाटलं.

खाली आल्यावर पहिल्या दिवसापासून मी नव्या उंबऱ्याशी रांगोळी काढू लागले. दाराच्या चौकटीपासून एक वीत, याहून मोठी नाही. तशी हाउसफेरवाल्टुंगची लेखी परवानगी मी कधीच घेऊन ठेवली होती. तीन आठवड्यांनी एका सकाळी आबांना बाहेर सोडून वळले, तर फरशीवर पुन्हा पांढरे ओरखडे. मी सरळ वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली, नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. आग्बेको चार दिवसांपासून इस्पितळात होते. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

मी ओरखड्यांच्या मागोमाग चालत गेले. सहा पावलं. ते माझ्या दाराशी संपले, रांगोळीच्या मोडलेल्या डाव्या कडेशी.

आबा दहा वाजता निघत, डावा पाय फरफटवत. जिना उतरताना ते पडले तर सावरावं म्हणून मी नेहमी पुढे असे, त्यामुळे त्यांचं पाऊल मला कधी दिसलंच नाही. आणि घरी परतेपर्यंत मैदानातल्या ओल्या गवतात त्यांचा बूट पुसला जाई. लेखी परवानगी असलेली रांगोळी घाण करू शकते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

आग्बेको घरी आले त्या दिवशी मी हेर ब्रांटना पत्र लिहिलं, त्याची एक प्रत घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर चढले. दुसऱ्या मजल्यापासून वरच्या पायऱ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. पूर्वी तिथे जायचं मला कारणच नव्हतं. त्या इतक्या स्वच्छ होत्या की कोपऱ्यांतही धूळ नव्हती. पांढरं तर काहीच नाही.

दार उघडायला वेळ लागला. काखेत कुबड्या होत्या.

"आल्झो, फ्राऊ लाइन्समन. आज कसला झेंडा?"

"ती पांढरी पूड माझी होती," मी म्हटलं. "माझ्या रांगोळीची. माझ्या यजमानांच्या बुटाला लागून जात होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. मी जिना कसा उतरतो? नाक पायऱ्यांना लावून. डावा पाय, फस्स, फस्स, कुंचला ओढल्यासारखा. शनिवारी पहाटे पाचला मी तेच पुसत होतो. दहाला कॅप्टन पुन्हा रंगवत."

"आणि मैदानावरची पूड?"

"पूड? इथे मी आल्यापासून ओला रंग आहे. कॅप्टनला विचारा, रंगाचं यंत्र त्यांनीच दोनदा दुरुस्त करून दिलंय. तुम्हांला घरी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. जेवताना, नळी कशी तुंबली होती आणि कशी मोकळी केली, सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी रेफरीकडे धावत नाही. आणि तुमच्याकडे आलो असतो तर? तुम्ही कॅप्टनच्या पायाला फडकं बांधलं असतं. नाहीतर त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं असतं, नियम म्हणून. दहा वाजताची ती त्यांची मॅच आहे."

"मी असं केलं नसतं."

"केलं असतं."

मी पत्राची प्रत पुढे केली. त्यांनी ती हात लांब करून वाचली आणि परत दिली. "गोल दिला गेला, मॅच संपली. मग टीव्हीवर ऑफसाइड दिसलं तरी निकाल बदलत नाही. माफी घेऊन जा खाली. इथे ठेवायला जागा नाही." दार लोटता लोटता ते थांबले. "शनिवारी सामना आहे. सहा आठवडे मला यंत्र ढकलता येणार नाही, आणि क्लब म्हणतो रेघा नसतील तर मैदानाची चावी परत करा. तुमची माफी रेघा मारते का?"

"मारीन," मी म्हटलं. "पन्नास वर्षं रोज सकाळी मारतेच आहे."

ते हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते ऐकायला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी ते कुबडी बगलेत धरून, उलटेच, पाव तास घेऊन खाली आले आणि बाकावर आबांच्या शेजारी बसले. मी साडी खोचली आणि यंत्र ढकलू लागले. चार चाकांची गाडी, वर रंगाची टाकी. रांगोळी चुकली तर बोटाने पुसता येते. ओला रंग पुसता येत नाही. माझी पहिली रेघ वीस पावलांत डावीकडे सरकली.

"वाकडी!" बाकावरून गर्जना झाली. "माझी आजी याहून सरळ मारेल, आणि ती आंधळी होती!"

"तुम्ही ओरडू नका, माझं लक्ष जातं!"

"पायाकडे बघताय! चूक शोधायची सवय! खुंटीकडे बघा, समोर!"

तेवढ्यात आबा सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अगं, ठिपके न देता कधी काढतेस का? आधी दोरी ताण."

मी तोऱ्यात दोरी घेतलीच नव्हती. मग घेतली. दोन टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, वाटेत दर दहा पावलांवर रंगाचा ठिपका. त्या शनिवारी मैदानाच्या एका बाजूला दोन रेघा होत्या, एक माझी वाकडी आणि एक माझी सरळ, आणि दोन्ही संघांचे खेळाडू हसत होते. पुढच्या शनिवारी एकच होती.

मधलं वर्तुळ काढायला मैदानाच्या केंद्रात आग्बेकोंनी पूर्वी एक लोखंडी खुंटी जमिनीत ठोकून ठेवली होती, गवताच्या चार बोटं खाली. पायाने चाचपून ती शोधायची, दोरी अडकवायची आणि फिरायचं. ते मात्र मला पहिल्याच वेळी जमलं. सुरुवात आणि शेवट एकमेकांना अचूक भेटले. मी बाकाकडे पाहिलं.

"वर्तुळ चालेल," आग्बेको म्हणाले. सहा आठवड्यांत मिळालेली शाबासकी एवढीच. सातव्या आठवड्यात ते काठी टेकत आले, माझ्यासमोर तळहात पसरला आणि म्हणाले, "चावी." मी दिली. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही.

हेर ब्रांटनी ताकीद मागे घेतली. घराबद्दल त्यांनी लिहिलं की करार झाला आहे, तो तसाच राहील. आता जे सांगायचं ते सांगते. माझ्या पत्रात मी चूक कबूल केली होती, पण घर त्यांना द्या असं लिहिलं नव्हतं. आबांना पुन्हा दोन मजले चढवण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. चूक परत केली आणि फायदा ठेवून घेतला. आबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मला विचारायचं होतंस." ते काय म्हणाले असते हे विचारायला मी तेव्हाही भ्याले.

आमचं वैर संपलं नाही. मी एकदा त्यांच्या पाळीत जिना पुसून ठेवला, तर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा पुन्हा पुसला. दीड वर्षाने दुसरा गुडघा गेला. त्यांची लेक फ्रान्समधल्या लियोंहून त्यांना न्यायला गाडी घेऊन आली. सामान आधी गेलं. मग ते उतरले, तीन मजले, उलटे, दोन्ही हातांनी कठडा धरून. आबा झोपले होते. मी दारात उभी होते. खालच्या पायरीवरून ते फरशीवर आले आणि वळले. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"हा मजला मला नको होता असं समजू नका," ते म्हणाले.

"समजत नाही," मी म्हटलं.

त्यांनी रांगोळीकडे पाहिलं, काठी तिच्या पलीकडे टेकली आणि तिला धक्का न लावता दाराकडे गेले. जाता जाता म्हणाले, "कॅप्टनना दहाला पाठवत जा. पुसायचं काम तुमचं."

आबा त्यानंतर चौदा महिने रोज दहाला गेले. मी रोज पुसलं.

तेव्हा मिहिर, उत्तर असं: ते वाईट नव्हते. त्यांचं माझ्याशी वैर होतं आणि ते योग्य होतं. आबा गेले, आग्बेको लियोंला आहेत की नाहीत तेही मला ठाऊक नाही. एक पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नाही. मैदानावर आता दुसरा माणूस आहे. मधली खुंटी अजून तिथेच आहे, गवताखाली चार बोटं, आणि तो तिच्याचभोवती वर्तुळ काढतो.